ढगाच्या तळाशी

नोव्हेंबरातल्या पहाटे
समोरच्या टेकडीवर तिपायांची दाटी होते.
ओसाकाहून, नागोयाहून आलेली माणसं
थर्मासमधला चहा फुंकत वाट बघतात
खोरं पांढऱ्या ढगानं काठोकाठ भरायची,
आणि वर फक्त किल्ला उरायची,
खिरीतल्या एकट्या बेदाण्यासारखा.

आम्ही त्या खिरीच्या तळाशी असतो.
आम्हाला किल्ला दिसत नाही.
शेजारच्याचा दिवा दिसला तरी पुष्कळ.

मी ओनोच्या पालिकेत, पाणीखात्यात.
विहिरीत फीत सोडायची, ओली फीत वर ओढायची,
आकडा वहीत उतरवायचा:
एक मीटर बावीस. काल एक मीटर सतरा होता.
पाच सेंटिमीटरनं कुणाची झोप उडते?
माझी उडते.
वडील सांगायचे, एका हिवाळ्यात
रस्त्यावरचा बर्फ वितळवायला
लोकांनी रात्रभर पंप चालवले
आणि सकाळी घराघरांतल्या विहिरी
नुसत्याच खाकरल्या.
कमरेएवढा बर्फ दारात,
आणि भात शिजवायला पाणी नाही.

सात वाजता बाजाराची गल्ली.
फुसाए-सान केव्हाच येऊन बसलेली,
वय शहाऐंशी, गुडघ्यांवर घोंगडी,
पुढ्यात अळकुड्यांचा ढीग.
तिच्या घरामागच्या ओहोळात लाकडी चाक फिरतं,
त्याच्या पोटात अळकुड्या
एकमेकींवर घासून साल उतरवतात.
"माणसं मात्र सालीसकट मरतात," ती म्हणते,
आणि वजन झाल्यावर एक जास्तीची टाकते.

टेकडीवरून उतरलेला एक पोरगा,
दवानं पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली,
कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरतो:
"आजी, बघा तुमचं गाव."
ती चष्मा पुसते. बराच वेळ बघते.
मग मातीचं बोट ठेवते
निव्वळ पांढऱ्यावर.
"हे माझं घर. आणि हे,"
बोट जरा डावीकडे,
"इथं आपण दोघं बोलतोय."
पोरगा हसतो.
पडद्यावर चिखलाचा ठसा राहतो. तो लगेच पुसत नाही.

तिचा नवरा तोकिजी रेल्वेत होता.
नऊ डोक्यांच्या ड्रॅगनचं नाव मिरवणाऱ्या नदीच्या काठानं
रूळ पूर्वेला निघाले होते,
डोंगरापलीकडच्या रुळांना भेटायला.
पलीकडूनही निघाले होते.
आधी डोंगर आडवा आला, मग पैसे संपले,
मग गाडीत बसणारी माणसं.
आता एका डब्याची गाडी तलावापर्यंत जाते.
तिथं चालक टोपी सावरत
या टोकाकडून त्या टोकाला चालत जातो
आणि तीच गाडी परत येते.
तोकिजी शेवटपर्यंत म्हणायचा,
"काम थांबलंय. संपलेलं नाही."
दवाखान्यातसुद्धा म्हणाला. नर्सला वाटलं, आजाराबद्दल बोलतोय.

वर्ष सरताना बाजार उठतो.
जानेवारीत मी तिच्या परसातली विहीर मोजायला जातो,
तेव्हा ती मला कोतात्सूत पाय घालायला लावते
आणि थरथरतं, गारढोण योकान कापते.
बाहेर बर्फ, मांड्यांना ऊब, जिभेवर पुन्हा हिवाळा.
आमच्याकडचं हे खूळ
बाहेरच्यांना समजावता येत नाही.

"किती?"
"एक मीटर नऊ."
"म्हणजे वर आलं."
"आलं थोडं."

ती उठते, गुडघा धरून,
भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच्या चौकोनात आकडा लिहिते,
जिथं तोकिजी लिहायचा
गाडीला झालेल्या उशिराची मिनिटं.

मी दुसरा तुकडा मागत नाही.
ती वाढते.